टपरीवाल्या ग्लेनिसची ना

ग्लेनिस ऑर्मरॉडने अडतीस वर्षांत हॅडलशॉ टाऊनचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही, आणि तरी फुटबॉलवरून तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तिची चहाची टपरी मैदानाच्या कोपऱ्यात आहे, आणि टपरीच्या खिडकीतून फक्त कालव्याकडचा अर्धा भाग दिसतो. उरलेला अर्धा ती कानांनी बघते. प्रेक्षकांचा आवाज चढत गेला आणि लांबला तर चेंडू गोलावरून गेला. चढता चढता तुटला तर गोलीने अडवला. आणि एकदम काहीच ऐकू आलं नाही तर आपल्यावर गोल झाला. असं ऐकता ऐकता ती चहा ओतत असते, आणि एक थेंब बाहेर सांडत नाही.

तरुणपणी ती सपाता शिवायच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडल्यावर शाळेत मुलांची जेवणं वाढायची. शनिवार मात्र पहिल्यापासून क्लबचा. सकाळी अकराला येऊन चहाचा बंब पेटवायचा, ट्रेव्हर खाटकाकडून आलेले मटणाचे पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा भरलेले, भट्टीत लावायचे, वाटाणे शिजत टाकायचे. उंचीने ती बेताची, म्हणून खिडकीपाशी दुधाचा जुना क्रेट पालथा घालून त्यावर उभी राहते. क्रेटवरून उतरली की समजायचं, कोणाची तरी खरडपट्टी निघणार आहे.

पाठीमागच्या फळीखाली पाच आकडे आहेत. समितीतल्या पाच जणांचे चहाचे मग तिथे टांगलेले असतात. म्हणजे कित्येक वर्षं चारच. माझा हिरवा होता, ब्लॅकपूलहून आणलेला, कानाला टवका गेलेला. चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मी चहा मागितला तर तिने कागदी पेला पुढे केला. "तुझा फुटला, लेस," म्हणाली. मी म्हटलं, असेल. तेव्हापासून मी कागदी पेल्यातूनच पीत आलो. दुसरा मग आणावा असं कधी सुचलं नाही, किंवा सुचलं आणि मी तो आणला नाही.

आता करंडकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं.

आमची लीग वरून मोजलीत तर सातवी. खेळाडू आठवडाभर नळ जोडतात, गाड्या दुरुस्त करतात आणि शनिवारी आमच्यासाठी धावतात. दर मोसमाच्या शेवटी चाहत्यांची समिती एका माणसाला करंडक देते. खेळाडूच असला पाहिजे असं नाही, मॅनेजरही चालतो. मोसमातला सगळ्यात चांगला माणूस, एवढीच अट. जेवण असतं शेवटच्या घरच्या सामन्याच्या संध्याकाळी सातला, आणि नाव कोरणारा होल्डन पाचच्या ठोक्याला दुकान बंद करतो. कोरायला त्याला तासभर लागतो. म्हणून नाव ठरतं सामन्याच्या मध्यंतरात. पंधरा मिनिटं, पाच माणसं, पाचही होकार हवेत. एकाने ना म्हटलं की ते नाव बाद. मग कोणीतरी करंडक घेऊन टेकडी उतरायचा आणि सामन्याचा उत्तरार्ध त्याच्या नशिबी नाही. तो कोणीतरी बहुतेक वेळा मीच. मी टपाल वाटायचो, त्यामुळे उताराची मला सवय आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

अर्धा सामना बाकी असताना मोसमातला सर्वोत्तम माणूस ठरवायचा, हा शुद्ध वेडेपणा आहे. जेवण आठवडाभर पुढे ढकला, असं तुम्ही म्हणाल. आमच्यात हे दर वर्षी कोणीतरी म्हणतं आणि दर वर्षी ते तिथेच राहतं.

करंडकाच्या बुडाला गोल पट्ट्या आहेत, एकेका वर्षाची एकेक. चौऱ्याण्णवची पट्टी कोरी आहे. नीट बघितलं तर इतरांपेक्षा जरा खोलगट. तिथे ग्लेनिसच्या नवऱ्याचं नाव होतं.

नॉर्मन ऑर्मरॉड तेव्हा आमचा मॅनेजर. मोडक्या संघाला त्याने शेवटच्या सामन्यापर्यंत ओढत आणलं होतं. मध्यंतराला आम्ही पुढे होतो, पाचही हात वर झाले, त्याचं नाव कोरून आलं. उत्तरार्धात तीन गोल खाल्ले आणि आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो. त्या संध्याकाळी करंडक कपाटातून बाहेर काढलाच नाही. रविवारी समिती बसली. ज्याने संघ बुडवला त्याचं नाव चांगल्या माणसांच्या रांगेत कसं चालेल, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी मान हलवली. मीही. सोमवारी नाव घासून काढलं. नॉर्मनला कोणी सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा तो स्वतःच कपाटापाशी गेला, चष्मा लावून वाकून बघितलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि घरी गेला. त्यानंतर तो मैदानात आलेला नाही. त्यांचं घर कालव्याकडच्या गोलामागेच आहे. माडीवरच्या खिडकीतून अख्खं मैदान दिसतं, आणि शनिवारी दुपारी त्या खिडकीला पडदा असतो. ग्लेनिस घरी गेली की तो एवढंच विचारतो, "पाय संपले का सगळे?"

ग्लेनिसने मात्र टपरी सोडली नाही. उलट पुढच्याच वर्षी समितीत जागा मागितली. नाही म्हणायची हिंमत कोणात होती? तेव्हापासून मध्यंतराची बैठक टपरीतच भरते, तिच्या पाठीमागे, कारण त्या वेळी खिडकी सोडणं तिला शक्य नसतं. आणि तेव्हापासून जितक्यांदा एखाद्या मॅनेजरचं नाव निघालं, तितक्यांदा तिने चहा ओतता ओतता, मागे न बघता सांगितलं, "ना." सात मॅनेजर असे गेले. बाईला नॉर्मनचा राग अजून आहे, असं सगळे म्हणायचे. मी म्हणायचो नाही, पण मलाही तेच वाटायचं.

गेल्या एप्रिलची गोष्ट. शेवटचा सामना क्लॅगथॉर्पशी, आमच्या मैदानावर. बरोबरी झाली तर वाचलो, हरलो तर खाली. शॉन मेलर नोव्हेंबरात मॅनेजर झाला तेव्हा आम्ही तळाला होतो आणि चार खेळाडू सोडून गेले होते. शॉन छपरं शाकारतो. वय छत्तीस, बोलणं कमी. मंगळवारी सराव असायचा तेव्हा अंगावर कामाचेच कपडे, गुडघ्यांना डांबर. त्याने कर्णधार पिलिंगला मधल्या फळीतून मागे बचावात नेलं, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. फेब्रुवारीपासून आम्ही घरच्या मैदानावर हरलो नव्हतो. आणि मध्यंतराला आम्ही एक-शून्यने पुढे होतो.

पाच जण टपरीत शिरलो. म्हणजे चौघे शिरलो, ग्लेनिस होतीच. भट्टीच्या धगीने आत उभं राहवत नव्हतं. बर्नार्ड व्हिटल आमचा अध्यक्ष, पूर्वी बसवर तपासनीस होता आणि अजून सगळ्यांकडे तिकीट मागितल्यासारखा बघतो. त्याने घड्याळ काढून फळीवर ठेवलं.

"चौदा मिनिटं," तो म्हणाला. "बोला."

"डॉम फेअरक्लॉ," ट्रेव्हर खाटीक म्हणाला. "तेवीस गोल. मला पुढे बोलायची गरज नाही."

"गरज नसते तेव्हाच तू बोलतोस," हिलरी म्हणाली. हिलरी औषधांच्या दुकानात होती, आता निवृत्त आहे, आणि तिच्या तोंडी कोणी लागत नाही. "त्यातले अकरा नोव्हेंबरच्या आधीचे. तेव्हा आपण तळाला होतो. तुझा डॉम गोल करायचा आणि आपण हरायचो."

"म्हणजे आता गोल करणं हा गुन्हा?"

"गोल करून कमरेवर हात ठेवून उभं राहणं हा गुन्हा."

"दोन चहा, एक पाय," ग्लेनिस खिडकीतून बाहेर देत होती. "वाटाणे संपले रे बाबा, मी काय करू? लवकर यायचं." मग तशीच, मान न वळवता, "आपण कालव्याकडचा गोल राखत असतो तेव्हा मला आपला बचाव दिसतो. या वर्षी मदतीला मागे आलेला डॉम मला चार वेळा दिसला. त्यातल्या एकदा तो बुटाची नाडी बांधायला आला होता."

बाहेर रांगेत कोणीतरी हसलं. टपरीच्या फळ्या पातळ आहेत, आणि रांग चहासाठी जितकी असते तितकीच आमचं ऐकण्यासाठी असते.

"शिवाय तो जाणार," बर्नार्ड म्हणाला. "जूनमध्ये मोठ्या क्लबात. जाणाऱ्याचं नाव कशाला? मी म्हणतो पिलिंग."

"पिलिंग नोव्हेंबरपर्यंत कुठे होता?" हिलरी उसळली. "मधल्या फळीत धापा टाकत होता. त्याला मागे आणला कोणी? गोलीला गोलातून पुढे यायला शिकवलं कोणी? हे सगळे चांगले खेळले ते एका माणसामुळे, आणि त्याचं नाव घ्यायला तुमची सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटते."

नाव कोणतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचं काय होणार तेही.

"शॉन मेलर," हिलरी म्हणाली. "माझा होकार."

बर्नार्डने ओठ चावला. "खरं आहे. होकार."

ट्रेव्हरने थोडी कुरकूर केली, तेवीसचा आकडा आणखी एकदा ऐकवला आणि हात वर केला. मीही केला. मला शॉन मनापासून आवडायचा. पण खरं सांगायचं तर हात वर करताना मला खात्री होती की माझ्या होकाराने काही होणार नाही. असा होकार द्यायला सोपा जातो.

"ग्लेनिस?" बर्नार्डने विचारलं. घड्याळात आठ मिनिटं उरली होती.

ती चहा ओतत होती. "ना," ती म्हणाली.

हिलरीचा संयम सुटला. "एकतीस वर्षं, ग्लेनिस. एकतीस वर्षं तू नॉर्मनचा राग दुसऱ्यांच्या नवऱ्यांवर काढत्येस. या पोराने तुझं काय घोडं मारलंय?"

ग्लेनिसने हातातला चहा पुढच्या माणसाला दिला, साखरेचा चमचा त्याच्या जागी ठेवला आणि खिडकीची झडप खाली ओढून कडी घातली. मध्यंतरात खिडकी बंद झालेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. बाहेरून कोणीतरी फळीवर बुक्की मारली. ती क्रेटवरून खाली उतरली.

"शॉनला माझी ना नाही," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून त्याच्याइतकं कोणी राबलं नाही, हे मला तुमच्याआधी कळलंय. माझी ना तुम्हाला आहे."

"आम्हाला?" ट्रेव्हर म्हणाला.

"तुम्हाला. आत्ता आपण एकने पुढे आहोत म्हणून तो लाडका. पाच वाजता काय? हरलो तर सोमवारी पुन्हा कानस काढाल. मी त्या सातही जणांना ना म्हटलं ना, ते त्यांना वाचवायला. जे नाव लिहिलंच नाही, ते कोणी पुसू शकत नाही. तुम्हाला माहितीय माझ्या घरी काय होतं? शनिवारी दुपारी माणूस पडद्याआड बसतो आणि लोकांच्या आवाजावरून सामना ऐकतो. हरल्यामुळे नाही बसला तो तिथे. हरले तर सगळेच. तुम्ही त्याला न सांगता पुसलंत म्हणून बसलाय."

भट्टीत काहीतरी चरचरत होतं. बर्नार्ड घड्याळाकडे बघत होता, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

"मग काय करायचं?" त्याने विचारलं.

"कोरलेलं नाव पुन्हा घासायचं नाही. जिंकलो, हरलो, काहीही झालं तरी. एवढं प्रत्येकाने माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचं. मग माझा होकार."

हिलरी आधी म्हणाली, तिचे डोळे भरले होते. मग ट्रेव्हर. मग बर्नार्ड, खाकरून. माझी पाळी आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघायला गेलो आणि तिच्या कानातल्याकडेच बघून म्हणालो, "नाही घासणार."

"लेस घेऊन जाईल," ग्लेनिस म्हणाली. "तेव्हाही तोच घेऊन गेला होता." आणि क्रेटवर चढून तिने झडप उघडली. "हं, कोण होतं पुढे?"

चौऱ्याण्णवच्या त्या सोमवारी करंडक घासायला होल्डनकडे कोणी नेला हे समितीबाहेर कोणालाच माहीत नसायला हवं होतं. मी स्वतः माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं मी त्या खिडकीत पेला धरायला हात पुढे करत होतो, "आज गार आहे नाही," असलं काहीतरी बोलत होतो, आणि तिला माहीत होतं. करंडक फडक्यात गुंडाळून मी निघालो तेव्हा माझे कान तापले होते. मागे उत्तरार्धाची शिटी वाजली.

टेकडी उतरायला बारा मिनिटं लागतात. होल्डन घड्याळं दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात कोरतो. त्याने करंडक उलटा करून बुडावरून अंगठा फिरवला आणि तो कोऱ्या पट्टीवर थांबला.

"ही मीच घासली होती," तो म्हणाला. "तूच आणला होतास. सोमवार होता."

"वार आठवतो मला."

"मला ते काम आवडलं नव्हतं."

"मग करायचं नव्हतंस," मी खेकसलो. मीसुद्धा नेलं नसतं तर झालं नसतं, एवढं दोघांनाही कळत होतं.

त्याने नव्या पट्टीवर रेघा आखल्या, भिंग डोळ्याला लावलं. मी फोन काउंटरवर ठेवून स्टुलावर बसलो. चार वाजून वीस मिनिटांनी बर्नार्डचा निरोप आला. एक-एक. बरोबरी चालणार होती. मी स्वतःला सांगितलं, चालणार आहे. होल्डनचं पहिलं अक्षर कोरून झालं होतं. त्या दुकानात चाळीसएक घड्याळं टिकटिकतात आणि कोणतंही दुसऱ्याशी जुळत नाही. मला ती सगळी उचलून बाहेर फेकावीशी वाटत होती.

चार चव्वेचाळीसला फोन वाजला.

"दोन-एक," बर्नार्ड म्हणाला. "ते पुढे. पाच मिनिटं राहिलीत. किती कोरून झालंय?"

त्याच्या मागे काहीच आवाज नव्हता. पाचशे माणसं उभी होती आणि काहीच आवाज नव्हता.

"शॉन झालंय," मी म्हटलं. "आडनाव बाकी."

"थांबव त्याला."

"बर्नार्ड, आपण शब्द दिलाय."

"कोरलेलं नाव घासायचं नाही, असा दिलाय. हे कोरून झालेलं नाही. ही पट्टी काढायची, दुसरी लावायची, तिच्यावर पिलिंगचं नाव घालायचं. यात घासणं कुठे आलं? ऐक माझं. लोक आता त्याच्या नावाने बोंबलणार. आज रात्री हा करंडक त्याच्या हातात दिला तर त्याचीच शोभा होईल. त्याच्या भल्यासाठी सांगतोय."

तेव्हाही कोणीतरी असंच म्हणालं होतं, नॉर्मनच्या भल्यासाठी. आणि मी खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बर्नार्डचं पटलं. पट्टी बदलणं म्हणजे घासणं नव्हे. मी फक्त ने-आण करणारा माणूस. ठरवतात ते ठरवतात. टपालातसुद्धा मी वाईट बातमीची पाकिटं वाटली, ती काय मी लिहिली होती? एकतीस वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो होतो आणि ते वाक्य मला अगदी तोंडपाठ होतं.

होल्डनने भिंग वर केलं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "बोल," तो म्हणाला. "पाचला मी बंद करतो."

मी करंडकाकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे बघून बोलायचं होतं आणि मी कानातल्याकडे बघून बोललो होतो. शब्द द्यायच्या वेळीच मी पळवाट उघडी ठेवली होती.

"मेलर," मी म्हटलं. "पूर्ण कोर."

"लेस?" फोनमधून बर्नार्ड ओरडला. "लेस, काय म्हणालास तू?"

मी फोन बंद करून खिशात टाकला. होल्डन कामाला लागला, आणि शेवटचं अक्षर होईपर्यंत मी त्याच्या हातावरून नजर काढली नाही.

"त्या जुन्या पट्टीवर पुन्हा कोरता येईल का?" निघताना मी विचारलं.

त्याने अंगठा पुन्हा तिथे टेकवला. "नाही. फार पातळ झालीय. हत्यार आरपार जाईल. आणि नंतरच्या पट्ट्यांनी ती जखडलीय, बदलताही येणार नाही."

मी चढ चढून वर पोचलो तेव्हा सामना संपून वीस-पंचवीस मिनिटं झाली होती. दोन-एकच राहिलं होतं. लोक घरी गेले असतील असं मला वाटलं, पण टपरीसमोर रांग होती. अर्ध्यांच्या हातात चहा संपलेले पेले होते, तरी ते उभे होते. आमच्याकडे रिवाज असा आहे की सामना संपला की मॅनेजर टपरीवर येऊन रांगेत उभा राहून चहा घेतो. जिंकलेला असो की हरलेला. त्याला बघायलाच ते थांबले होते, आणि चेहऱ्यांवरून त्यांचा विचार चांगला दिसत नव्हता.

बर्नार्ड फाटकातच भेटला. त्याने फडकं बाजूला करून पट्टी वाचली. "सोमवारी राजीनामा दे," तो म्हणाला.

"देतो."

खिडकीपाशी जाऊन मी करंडक काउंटरवर ठेवला. ग्लेनिसने हात पुसले आणि नावावरून बोट फिरवलं, अक्षरं मोजावी तसं. करंडक साखरेच्या भांड्याशेजारी सरकवला.

तेवढ्यात शॉन दिसला. कपडे बदलायच्या खोलीच्या मागच्या दाराने निघून, पिशवी छातीशी धरून, भिंतीच्या कडेकडेने गाडीकडे चालला होता. रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या.

"शॉन," ग्लेनिसने हाक मारली. तिने आवाज चढवला नव्हता. "चहा न घेता कुठे निघालास?"

तो थांबला. "आज नको, ग्लेनिस."

"आजच."

"लोकांना माझं तोंड बघायचं नाही."

"बघू देत. बंब मी अजून उतरवलेला नाही. तुझ्यासाठी ठेवलाय."

मला वाटलं तो जाणार. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती. आणि तो गेला असता तर ऑगस्टमध्ये आणखी एका घराला पडदा लागला असता, हे त्या अख्ख्या मैदानात फक्त ग्लेनिसला कळत होतं आणि आता मला. मग त्याने किल्ली खिशात टाकली आणि येऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला.

पुढचा हॅरल्ड, चाळीस वर्षं तिकीट काढून येणारा, वळून म्हणाला, "तुझ्यामुळे पुढच्या वर्षी आपण शेतात खेळणार."

"हॅरल्ड," ग्लेनिस म्हणाली, "तुझा चहा झालाय. दुसरा हवा असेल तर त्याच्या मागे उभा राहा."

हॅरल्ड तिथल्या तिथे घुटमळला. मग खरोखरच मागे गेला. मग त्याच्या पुढचा बाजूला झाला, त्याच्या पुढचाही. कोणी शॉनच्या पाठीवर हात ठेवला नाही, कोणी चांगलं बोललं नाही. पण वाट दिली. खिडकीपाशी आल्यावर त्याने करंडकावरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे काढून टाका," तो म्हणाला. "प्लीज. हे मला नको."

"ते आता निघत नाही," मी म्हटलं.

ग्लेनिसने माझ्याकडे बघितलं. मी या वेळी नजर हलवली नाही. तिने शॉनला चहा दिला, तो त्याने तिथेच उभं राहून प्यायला, सगळ्यांच्या समोर. पोळत असणार, पण प्यायला. मग त्याने पेला खाली ठेवला आणि विचारलं, "सातला ना जेवण?"

"सातला," ग्लेनिस म्हणाली. मग बर्नार्डला हाक मारून म्हणाली, "माझ्या शेजारी एक खुर्ची जास्तीची ठेव."

"नॉर्मन येणार?" बर्नार्डने विचारलं.

"माहीत नाही. विचारणार आहे."

रांग पांगली. मी पेल्यासाठी हात पुढे केला, सवयीने. ती क्रेटवरून उतरली, काउंटरखाली वाकली आणि साफसफाईच्या फडक्यांमागून काहीतरी ओढून काढलं. हिरवा मग. कानाला टवका तसाच होता. तिने तो विसळला, आतून बाहेरून पुसला, चहा ओतला, दोन चमचे साखर घातली.

"फुटला नव्हता," ती म्हणाली.

मी तो दोन्ही हातांनी धरला. तिने बंबाखालची ज्योत मालवली आणि उरलेले पाय मोजायला घेतले, घरी गेल्यावर नॉर्मन विचारणार होता म्हणून.